रानातला मुक्काम आणि घरातली काळजी



आमच्या नात्यात सध्या एक वाद सुरू आहे. दोन्ही बाजूंची माणसं हा ब्लॉग वाचतात, म्हणून जे म्हणायचं ते इथेच एकदा लिहून टाकते. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको! वादाचा विषय असा की आमच्या नातीने (वय वर्षे १९) मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत गड चढायला जावं की नाही, आणि गेलीच तर रात्री तंबूत राहावं की नाही. चढण्याला कुणाचा फारसा विरोध नाही. विरोध आहे तो रात्रीला. "घरात पलंग-गादी असताना दगडधोंड्यांत कशाला झोपायचं?" असं धाकट्या जाऊबाई म्हणतात. "तिकडे बाथरूमची सोय नसते," असं पुण्याच्या वन्सं म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिचा भाऊ असाच गेला, तेव्हा यातला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे मी आपलं नोंदवून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. तिने जावं. मात्र डोळे मिटून जाऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे हे काहीतरी नवीन शहरी फॅड आहे, असं समजू नका. ट्रेकिंग हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून आपली माणसं पायी चालत आली आहेत आणि मिळेल तिथे झोपत आली आहेत. आपल्या वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथली रुक्मिणीमातेची पालखी चारशेहून अधिक वर्षं पंढरपूरला पायी जाते असं सांगतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालून पंढरपूर गाठते. आणि नागद्वार तर विदर्भातल्या घराघरांना ठाऊक आहे! पचमढीच्या डोंगरातली ही यात्रा नागपंचमीच्या सुमारास काही दिवसच भरते. तो सगळा भाग सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचा, त्यामुळे एरवी तिथे असं हिंडता येत नाही. त्या दिवसांत मात्र आपल्याकडची माणसं भर पावसात ते डोंगर चढतात-उतरतात.

मी सासूबाईंबरोबर १९८६ च्या श्रावणात गेले होते. अंगावरचं लुगडं दोन दिवस वाळलं नाही. रात्री प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली अनोळखी बायकांच्या पाठीला पाठ लावून बसल्या बसल्या झोप काढली. पण घरात मोजकंच बोलणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे चिखलात घसरून पडल्या आणि पडल्या पडल्या लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. त्यांचं तसं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. साठीच्या बाई, अनवाणी चालत होत्या, आणि मला मागे टाकत होत्या. देवाच्या नावाने बायकांना रान मोकळं होतं, ही त्यातली खरी गोम. नुसतं "मला आवडतं म्हणून जाते" असं म्हटलं की मात्र घरात चर्चा सुरू होते!

आम्ही सेवाग्रामची माणसं तर चालण्याच्या बाबतीत जरा हक्कानेच बोलू शकतो. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून पायी सेगावला आले. एप्रिल अखेरचं वर्ध्याचं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच ते आठ किलोमीटर कळतील. तेव्हा हे गाव म्हणजे माळ, चिखल आणि साप-विंचू. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि ठेवायची पेटी आजही आश्रमात पाहायला मिळते. साप मारायचा नाही, पकडून लांब नेऊन सोडायचा, असा तिथला शिरस्ता. पुढे मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला इथून पायीच निघाले. त्याच प्रवासात १८ एप्रिलला पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि मग ते चालतच राहिले, ते थेट १९६४ साली पवनारला परतेपर्यंत. मोटारीने गेले असते तर पोचमपल्ली लागलंच नसतं असं मला नेहमी वाटतं. पायी जाणाऱ्याला वाटेतलं गाव भेटतं, मोटारीतल्याला फक्त मुक्कामाचं.

आणि ज्यांनी महाराष्ट्राला गडकोटांचं वेड लावलं ते गो. नी. दांडेकर, त्यांचा जन्म कुठला? १९१६ साली, परतवाड्याचा! मेळघाटाच्या पायथ्याचा! सह्याद्रीवाल्यांना हे आवर्जून सांगत जा.

आता सुखाकडे येते. मी शाळेत असताना नववीच्या मुलींना घेऊन एका धरणाच्या काठी गाईडचं शिबिर केलं होतं, डिसेंबरात. मुली सगळ्या खेड्यातल्या. मला वाटलं, यांना रानाचं काय कौतुक, यांचं तर वावरातच आयुष्य. पण रात्री शेकोटी विझवली आणि वर पाहायला सांगितलं तर सगळ्या चिडीचूप. मृग नक्षत्र कसं ओळखायचं, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण खाली व्याधाकडे कसा रोख धरतो, कृत्तिकांचा पुंजका कुठे, हे दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गावावर पण हेच असते का?" हो गं, हेच. पण दिवेलागणीनंतर मुलींनी घराबाहेर थांबायचं नाही, म्हणून चौदा वर्षांत तिने आपल्याच गावावरचं आकाश नीट पाहिलं नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकाने हे तिला कधी दिलं नसतं. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, नई तालीमची कल्पना मांडली गेली, त्यात हाताने शिकण्यावर भर होता. मला वाटतं, पायाने शिकणंही त्याच घरचं.

बाकीची सुखं तुम्हाला माहीत आहेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. हे जेवण घरच्या गॅसवर होतच नाही, कितीही सुगरण असा. पहाटे टिटवी ओरडते, रात्री रातव्याचा टकटक आवाज एका लयीत चालू राहतो. थंडीने दात वाजत असताना हातात आलेला काळा चहा, दूध नाही, साखर जास्त, आणि तरी तसा चहा पुन्हा कधी लागत नाही.

असो. आता गैरसोयींबद्दल. इथे माझा थोडा वेगळा विचार आहे. मोठी माणसं गैरसोय आणि धोका यांची गल्लत करतात. पाठीला खडा टोचणं, झोप न होणं, मोजे ओले राहणं, डास, कुसळं, कच्चं शिजलेलं पिठलं ही गैरसोय झाली. ती खुशाल होऊ द्या. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट घरच्या गादीची किंमत कळते. धोका ही वेगळी गोष्ट आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, सूज फारशी येत नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपून जातो. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास अडतो. म्हणून तंबू असा हवा की ज्याला खालून शिवलेला तळ आहे आणि ज्याची चेन पूर्ण लागते. तंबू नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपायचं. चावल्याची नुसती शंका आली तरी चिरा द्यायच्या नाहीत, दोरी आवळायची नाही, मांत्रिक नाही, सरळ दवाखाना. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचवाला बुटासारखी जागा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन विंचूदंशाच्या रोग्यांचे प्राण वाचवले, पण ते औषध मिळायला वेळेत डॉक्टरपर्यंत पोचावं लागतं.

आणखी एक, जे फार जणांना माहीत नसतं. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवत-झुडपातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांपासून हा ताप होतो, कधी चावल्याच्या जागी काळी खपली धरते. रानातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला तर "मी गवतात झोपले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. वेळेवर कळलं तर साध्या औषधाने बरा होतो, न कळला तर जीवावर बेततो.

वणवा हा तिसरा. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले. त्यात बऱ्याच तरुण मुली होत्या. ही बातमी तेव्हाही मला दाखवण्यात आली होती, आताही दाखवण्यात आली. पण त्यातून "मुलींनी जाऊ नये" हा धडा निघत नाही. वाळलेल्या गवताच्या दिवसांत डोंगरात जाऊ नये, वनखात्याला सांगितल्याशिवाय जाऊ नये, हा निघतो. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण मुलींना कॉलेजात पाठवायचं थांबवत नाही ना?

आपल्याकडे वर्ध्यात तर कुठेही तंबू ठोकता येईल असं नाहीच. बोर २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि वाघाला प्रकल्पाची हद्द वाचता येत नाही. तो कपाशीच्या वावरातही येतो. तिथे परवानगीशिवाय रात्र काढणं म्हणजे कायदा मोडणं, आणि वाघाच्या घरात न विचारता पथारी पसरणंही. ज्यांनी "रानवाटा" वाचलंय त्यांना मारुती चितमपल्लींची रानात वावरायची रीत माहीत आहे. पाहुण्यासारखं जायचं, हळू बोलायचं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. हल्ली धरणांच्या काठी रांगेने तंबू लावून रात्रभर गाणी वाजवतात, त्याला मी रानातला मुक्काम म्हणत नाही. ते मंगल कार्यालय झालं, फक्त छप्पर कापडाचं. भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाऊन बॅटऱ्यांचा आणि गाड्यांचा उजेड पाडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! अंधार पाहायला जायचं आणि अंधारच घालवायचा.

आता वन्संच्या प्रश्नाकडे वळते. चिडू नका, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, फक्त उत्तर "जाऊ नको" हे नाही. शिबिरात मुली दिवसदिवस पाणी पीत नसत, का, तर उघड्यावर जायची लाज. त्याने लघवीला जळजळ आणि ताप. मी मग पहिल्या संध्याकाळीच स्पष्ट बोलायला लागले. पाण्यापासून लांब जागा ठरवायची, लहान कुदळीने खड्डा खणायचा, चादरीचा आडोसा करायचा, दोघी-दोघींनी जायचं, वर माती लोटायची. पाळीचं सामान जास्तीचं न्यायचं आणि वापरलेलं बंद पिशवीत घालून परत आणायचं, रानात टाकायचं नाही. पाच मिनिटांचं बोलणं. ते एकदा झालं की मुली पाणी पितात. आपण हे पाच मिनिटं बोलायचं टाळतो आणि त्यापायी मुलीचा अख्खा डोंगर रद्द करतो.

म्हणून नातीला मी "जा" म्हटलं, पण पाच प्रश्न वहीत लिहून दिले. नेणाऱ्या माणसाला ते विचारायचे आणि उत्तरं मला कळवायची. मुक्कामाच्या जागेची परवानगी कुणाकडून घेतली आहे? प्रत्येकाच्या घरचा फोन आणि रक्तगट कुणाकडे लिहिलेला आहे? सर्वात जवळचा, सापाचं औषध ठेवणारा दवाखाना कोणता आणि तिथे रात्री न्यायला गाडी कुठली? पाऊस, वीज किंवा वणवा आला तर मागे फिरायचं कुणी ठरवायचं? बरोबर एखादी जाणती बाई आहे का? ज्याला ही उत्तरं देताना राग येतो, त्याच्याबरोबर जायचं नाही. ज्याला येत नाही, त्याच्याबरोबर निर्धास्त जावं. आणि हे पाच प्रश्न मुलग्यांच्या वेळीही विचारा, साप काही मुलगा-मुलगी पाहून चावत नाही.

माझे गुडघे आता फार तर टेकडीपर्यंत नेतात. पण घरच्या अंगणात बाज टाकून थंडीत झोपायला अजून कुणाची परवानगी लागत नाही, हे सुख मी घेते. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी येत्या थंडीत, म्हणजे दिवाळी ते शिवरात्रीच्या मधल्या दिवसांत, त्यांना एक रात्र तरी आकाशाखाली काढू द्यावी, एवढंच माझं सांगणं. तुमचे अनुभव कळवा. विरोधातलेही चालतील. जाऊबाईंनी तर लिहावंच, फोनवर नव्हे, इथेच!