सीटी स्कॅनमधली सावली आणि क्षयाचा शिक्का

साखर कारखान्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज पोटाच्या सीटी स्कॅनसाठी इथल्या रुग्णाला मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. प्रश्न उरतो तो चित्र दिसल्यानंतरचा.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. साध्या क्ष-किरणात त्या दिसत नाहीत. चुना साचला तरच खूण उमटते. थॉमस ॲडिसनने १८५५ साली त्यांचा रोग वर्णिला, तो शवविच्छेदनाच्या आधारे. हाऊन्सफील्डच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला आणि पुढे पोटही उघडे पडले.

आता समजा, चित्रात दोन्ही ग्रंथी सुजलेल्या आहेत, कडा उजळ, मध्यभाग काळसर. रुग्ण खंगलेला, अंगात कसर. आपल्याकडे पहिला तर्क क्षयाचा. तो अनाठायी नाही. मात्र हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही हुबेहूब असेच चित्र उभे करते.

या बुरशीचा इतिहासच चुकलेल्या ओळखींचा आहे. डिसेंबर १९०५ मध्ये सॅम्युअल डार्लिंगने पनामा कालव्याच्या प्रदेशात मार्टिनिकच्या एका मजुराचे शवविच्छेदन केले. अवयवांवरचे दाणे क्षयासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काळा आजाराच्या परजीवीसारखे काहीतरी! त्याने तो आदिजीव मानला, त्याला कवच आहे असे समजून ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम’ हे नाव दिले. तो ना आदिजीव होता, ना त्याला कवच होते. नाव मात्र टिकले. ही बुरशी असावी, असे रोशा लिमाने १९१२ साली सुचवले. डीमॉनब्रूनने १९३४ साली ती प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. भारतात कोलकात्याच्या पांजा व सेन यांनी १९५४ साली रुग्ण नोंदवला.

(पक्षी-वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत ती वाढते. लेणी-भुयारे धुंडाळणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवलेले बरे.)

१९४५ साली अमेरिकेत उमगले, की छातीच्या चित्रांतले जे चुनखडी डाग क्षयाचे समजले जात, त्यांतले कित्येक याच बुरशीचे होते. तीच चूक आज पोटाच्या चित्रावर होऊ देणे अक्षम्य ठरेल. चित्र आकार दाखवते, कारण नाही. शिवाय क्षयावरचे रिफॅम्पिसिन शरीरातले कॉर्टिसोल लवकर संपवते. ग्रंथी आधीच खचलेल्या असतील, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून सुईने नमुना घ्यावा, तो क्षय आणि बुरशी दोन्हींसाठी तपासावा, आणि औषधाआधी सकाळचे कॉर्टिसोल मोजावे.