वारज्यातून पॅरिसच्या ग्रंथालयात

वारज्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी पुणे विद्यापीठात फ्रेंच घेऊन एम.ए. करते आहे. पहिले वर्ष चांगले गेले, आता लघुप्रबंधाचा विषय द्यायचा आहे आणि गाडी तिथेच अडली आहे. पत्रात त्या लिहितात, "एकेक फ्रेंच पुस्तक बाहेरून मागवायचे तर हजारो रुपये सांगतात. तिचे अब्बा म्हणतात, हे आपल्या आवाक्यातले नाही, अजून वेळ गेलेली नाही, बी.एड.चा फॉर्म भरू. मुलगी काही बोलत नाही, पण जेवत नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, शिक्षण मराठीत झाले. तिच्या दादीला उर्दू लिहितावाचता येते, बाकी आमच्याकडे काय आहे? खर्च न वाढवता हे होईल का, ते सांगा."

होईल. मात्र खर्च किती येणार हे बरेचसे विषयावर ठरते, म्हणून आधी विषयाचे बोलू.

फ्रान्समध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे पुस्तकावर हक्क राहतो, आपल्याकडे ६० वर्षे. मुलीने आजच्या एखाद्या पॅरिसच्या कादंबरीकारावर काम करायचे ठरवले, तर कादंबऱ्या विकत घ्याव्या लागतील आणि त्यावरची समीक्षाही. जुन्या लेखकाचे तसे नाही. त्यातही फ्रेंच भाषा जिथे आपल्या दख्खनला, उर्दूला, मराठीला येऊन भिडली आहे, तिथले मूळ साहित्य बहुतेक मोफत मिळते आणि त्याच्या जोडीला लागणारी उर्दू-मराठी पुस्तके पुण्यात आहेत. अशा विषयात वारज्याची मुलगी पॅरिसच्या विद्यार्थिनीच्या मागे नाही, उलट दोन पावले पुढेच आहे, कारण त्या पॅरिसवालीला दखनी येत नाही.

उदाहरण घ्यायचे तर गार्सां द तासी यांचे घ्या. मार्सेय शहरात १७९४ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये अरबी-फारसी शिकला, मग उर्दूकडे वळला. १८२८ मध्ये पॅरिसच्या पौर्वात्य भाषांच्या शाळेत त्यांच्यासाठी हिंदुस्तानीचे अध्यासन सुरू झाले आणि १८७८ मध्ये मरण येईपर्यंत ते उर्दूतच रमले. हिंदुस्तानात मात्र ते एकदाही आले नाहीत! त्यांनी १८३४ मध्ये वली औरंगाबादींचे काव्य पॅरिसमध्ये छापले. वलींना गुजरातवालेही आपले म्हणतात, तो वाद वेगळा. पण दख्खनचा हा शायर पॅरिसमध्ये छापला गेला तेव्हा पुण्यात पेशवाई जाऊन सोळाच वर्षे झाली होती. पुढे त्यांनी हिंदी-हिंदुस्तानी साहित्याचा मोठा इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला. शिवाय १८५० पासून वर्ग सुरू होताना ते एक व्याख्यान देत. हिंदुस्तानात कोणती पुस्तके निघाली, कोणती वर्तमानपत्रे चालू झाली, कोण लेखक वारले, याचा तो ताळेबंदच असे.

या व्याख्यानांचे उर्दू भाषांतर झाले आहे, आणि तेही आपल्या औरंगाबादेतून. मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू तेव्हा तिथे होती. तिने १९३५ मध्ये 'खुतबात-ए-गार्सां द तासी' हे पुस्तक काढले. फ्रेंच मूळ गॅलिकावर आहे, उर्दू पुस्तक रेख्ताच्या संकेतस्थळावर वाचता येते. एका बाजूला मुलीने फ्रेंच पान उघडावे, दुसऱ्या बाजूला दादींनी उर्दू पान वाचून दाखवावे. भाषांतरकाराने काय गाळले, काय सौम्य केले, नावे कशी दुरुस्त केली, एवढे पाहिले तरी लघुप्रबंध उभा राहतो. मुंबईच्या छापखान्यांचा आणि वर्तमानपत्रांचा उल्लेख कुठे येतो, एवढाच धागा धरला तरी चालेल.

याच द तासींचा १८३१ चा एक निबंध हिंदुस्तानातल्या मुसलमानांच्या सणांवर आणि उरुसांवर आहे. कोणताही उरूस न पाहिलेल्या माणसाने तो उर्दू पुस्तकांवरून लिहिला. पुस्तकावरून समाज ओळखायला गेले की कुठे बरोबर निघते आणि कुठे घसरते, हे तपासायला आपल्या घरची मुलगी जास्त लायक आहे, असे मला वाटते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९५ मध्ये दिल्लीहून निघाले आहे. अडले तर ते हाताशी ठेवावे, पण काम मूळ फ्रेंचवरच करावे.

उर्दू नको, मराठीच बरी वाटत असेल तर झ्यूल ब्लोक आहेत. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. ब्लोक १९५३ मध्ये वारले, म्हणजे त्यांचे लेखन आता फ्रान्समध्येही हक्कमुक्त झाले आहे. गी दलरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते पुस्तक पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने १९५६ मध्ये काढले. विठोबावरचा त्यांचा अभ्यास १९६० मध्ये पुण्याच्याच डेक्कन कॉलेजने छापला. आणि वारज्याला अगदी शेजारचा विषय हवा असेल तर गी प्वातव्हँ. हे मूळचे फ्रेंच, पण पुण्यात राहून हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी मुळशी-मावळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकायलाही मिळतात. प्वातव्हँ २००४ मध्ये वारले. त्यांचे फ्रेंच लेखन आणि मुळशीतल्या बायकांचे मूळ शब्द शेजारी ठेवून पाहणे हे काम पॅरिसमध्ये बसून होणार नाही.

हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे नाव वडीलधाऱ्यांना माहीत असेल. त्यांचा कुरआनचा फ्रेंच अनुवाद १९५९ चा. ते २००२ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची पुस्तके हक्कात आहेत आणि गॅलिकावर मोफत सापडायची नाहीत. विषय मोठा आहे. लघुप्रबंधाला मी तो सुचवणार नाही.

आता शोधायचे कसे ते पाहू. गॅलिका म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे डिजिटल दालन, १९९७ पासून चालू आहे. खाते उघडावे लागत नाही, पैसे नाहीत, पुस्तक उतरवून घेता येते. मोबाइलचा डेटा थोडा असेल तर सगळे पुस्तक न उतरवता हवी तेवढीच पाने घ्यावीत. जुन्या विद्वत्-नियतकालिकांसाठी 'पेर्से', अलीकडच्या लेखांसाठी 'ओपनएडिशन', आणि संशोधक स्वतः ठेवतात त्या लेखांसाठी 'हाल' ही तिन्ही ठिकाणे बघावीत. आपल्याकडच्या फ्रेंच विभागांतले प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. आपला विषय आधी कोणी हाताळला आहे का, हे विषय देण्यापूर्वी तिथे पाहून घ्यावे, नंतर नाही.

पुष्कळ मुले गॅलिकावर जातात, आजच्या स्पेलिंगने नाव टाकतात, काही येत नाही आणि 'तिथे काही नाही' म्हणून परत फिरतात. असते, पण जुन्या नावाने असते. फ्रेंचमध्ये 'उ' हा उच्चार ओ आणि यू ही दोन अक्षरे मिळून लिहितात, म्हणून हिंदुस्तानी शब्दाचे स्पेलिंग तिकडे वेगळे. वलीचे पहिले अक्षर कधी डब्ल्यू, कधी व्ही. मराठ्यांना 'मरात' किंवा 'माहरात', शिवाजी महाराजांना 'सेवाजी' किंवा 'सेवागी' असे लिहिलेले सापडेल. सतराव्या शतकात वेरूळला येऊन गेलेला प्रवासी तेवनो किंवा शिवाजी महाराजांबद्दल लिहिणारा पाद्री काऱ्हे यांना वाचायचे तर ही नावे माहीत हवीत. अशी सगळी रूपे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत आणि एकेक करून टाकावीत. सन १८०० च्या आधीच्या छपाईत आणखी एक फसवणूक आहे. त्यात एस हे अक्षर पुष्कळदा एफसारखे लांब दिसते, यंत्र ते एफच वाचते आणि शोध फसतो. तिथे अनुक्रमणिका डोळ्यांनीच चाळावी लागते.

शब्द अडला तर सेएनएरतेएल या संकेतस्थळावरचा 'त्रेझोर' हा शब्दकोश उघडावा. १७८९ ते १९६० या काळातली फ्रेंच त्यात आहे, मोफत आहे, आणि द तासींसाठी त्याहून चांगला मला माहीत नाही. मोबाइलच्या भाषांतर-यंत्राला पूर्ण परिच्छेद देऊन उत्तर उतरवून घेऊ नये. फ्रेंच वळणाने लिहिलेली उर्दू नावे यंत्राला कळत नाहीत आणि ते काहीतरी भलतेच, पण सफाईदार, लिहून देते. परीक्षकाला ते लगेच दिसते. कान तयार ठेवायला आर.एफ.आय. रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज दहा मिनिटे पुरेत.

पुण्यात तीन ठिकाणी जावे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग मुलीला माहीत आहेच, तिथल्या शिक्षकांना विषय सांगूनच पुढे जावे. दुसरे, गणेशखिंडीतले विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय. ती विद्यापीठाचीच विद्यार्थिनी, त्यामुळे ते तिचेच आहे. परांजप्यांचे भाषांतर आधी तिथे विचारावे, नसेल तर डेक्कन कॉलेजमध्ये. तिकडे जाताना विभागाचे पत्र सोबत असावे. तिसरे, सेनापती बापट रस्त्यालगत पत्रकारनगरातले आलियाँस फ्रान्सेझ. तिथल्या ग्रंथालयाची वर्गणी असते, पण त्याबरोबर 'क्युल्त्यूरतेक' या ऑनलाइन ग्रंथालयाची सोय मिळते का, तेही विचारावे. मिळत असेल तर एकदा पैसे भरून फ्रेंच मासिके, चित्रकथा, नवी पुस्तके घरी मोबाइलवर वाचता येतात. वारजे माळवाडीहून कर्वे रस्त्याने नळस्टॉप, तिथून लॉ कॉलेज रस्ता, एवढाच प्रवास. आठवड्यातून एक दिवस पुरेल, बाकी काम घरून होते.

अब्बांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. नुसत्या एम.ए.च्या कागदावर नोकरी मिळेलच असे नाही. म्हणून लघुप्रबंधाबरोबर डेल्फ परीक्षेची बी-टू पातळी गाठायचे ठरवावे. ती परीक्षा आलियाँसमध्ये होते, प्रमाणपत्राला मुदत नसते, आणि भाषांतराचे किंवा कंपनीतले काम मागायला गेल्यावर आधी तेच विचारतात. बी.एड. नंतरही करता येईल. फॉर्म भरण्याआधी अब्बांनी मुलीला एक महिना द्यावा. त्या महिन्यात तिने गॅलिकावरून द तासींचे एक व्याख्यान काढावे, दादींना रेख्तावरचे तेच व्याख्यान उघडून द्यावे, आणि दोन्हींची पहिली दहा पाने जुळवून विभागात घेऊन जावे.