वाघाच्या जिल्ह्यात पायवाट हवी

चंद्रपूर-गडचिरोलीत जंगल पाहायचे म्हणजे जिप्सीत बसायचे, हे आता सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ताडोबाच्या गेटवर परमिट दाखवायचे, तीन-चार तास उघड्या गाडीतून फिरायचे आणि वाघ दिसला की नाही यावर दिवस कसा गेला ते ठरवायचे. गाडीतून खाली उतरायचे नाही, हा नियम व्याघ्र प्रकल्पासाठी योग्यच आहे. पण एका फेरीला काही हजार रुपये लागतात. सावली, मूल, सिंदेवाही भागात दोन-तीन एकर धानावर जगणाऱ्या घराला तो खर्च झेपत नाही. म्हणून त्या घरातल्या मुलाला जंगलाची ओळख दोनच प्रकारे होते. आई-आजी मोह वेचायला आणि तेंदूपाने तोडायला जातात ती जागा, आणि जिथून वाघ येतो ती जागा. झाड ओळखत, पक्षी बघत घरच्यांबरोबर निवांत चालण्याची जागा म्हणून जंगल त्याला कधी भेटतच नाही. माझे म्हणणे असे की, या दोन जिल्ह्यांत कुटुंबांना चालता येतील अशा दोन-तीन किलोमीटरच्या आखीव पायवाटा तयार करायला हव्यात, आणि त्यांची सुरुवात अभयारण्याच्या गेटपासून न करता तलावाच्या पाळीपासून करायला हवी.

तलावच का, याचे उत्तर झाडीपट्टीच्या भूगोलात आहे. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचे चार जिल्हे, आणि त्यांत हजारो जुने तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती आणि कोहळी समाजाने त्या कामात नाव मिळवले. वरच्या अंगाला पाणी येण्यासाठी राखलेले रान, मध्ये पाळ, पाळीला पाणी सोडण्याचे तुडूम, खाली नहर आणि धानाच्या बांध्या, अशी ही रचना आहे. रान, पाणथळ आणि शेती या तिन्ही गोष्टी एका किलोमीटरच्या आत पाहता येतील अशी याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सावली तालुक्यात पाथरीजवळचा आसोला मेंढा तलाव आणि नागभीड तालुक्यातला घोडाझरी हे त्यांचे मोठे भाऊ. दोन्ही इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांधले गेले. हिवाळ्यात अशा पाण्यावर अडई, वारकरी, हळदी-कुंकू बदके दिसतात. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत असतो. काठाला देवधान उगवते. ढिवरांची जाळी पडलेली असतात. गावच्या तलावावर मुलाला हे सगळे दाखवायला परमिट लागत नाही, दुर्बीणही नसली तरी चालते. सोबत ढिवर समाजातला एखादा जाणता माणूस मात्र हवा, कारण कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो हे त्याला पुस्तकाहून अधिक ठाऊक असते.

तलावाखेरीज आणखी दोन ठिकाणे या विचारात बसतात. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हे सुमारे सहा हेक्टरांचे जुने नैसर्गिक जंगल 2014 साली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. साग, ऐन, धावडा, बिजा ही झाडे न तोडता वाढू दिली तर किती उंच होतात हे तिथे मान वर करून पाहावे लागते, आणि तेवढे क्षेत्र पायीच पाहायचे असते. दुसरे ठिकाण चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला आहे. राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांतला चुनखडीचा पट्टा महाराष्ट्राला माहीत आहे तो सिमेंटच्या पोत्यामुळे. तो दगड डायनासोरांच्याही कितीतरी आधीच्या समुद्राच्या तळाशी साचला, हे मात्र तिथल्या मुलांना कोणी जागेवर नेऊन सांगत नाही. माणिकगडच्या डोंगराळ भागात, अमलनाला तलावाच्या आसपास, किल्ला, पाणी आणि दगड एका सकाळी पाहून होतील अशी वाट निघू शकते. खाणीला जमीन देताना आपण तिची किंमत टनांत मोजतो. त्या जमिनीवर चालून आलेली पिढी निदान आणखी एका मापाने ती मोजेल.

यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप वाघाचा आहे आणि त्याला बगल देऊन एक पाऊलही टाकता येणार नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. ज्या भागात माणसे असा जीव गमावतात तिथे लेकराबाळांसह फिरायला जा म्हणणे बेजबाबदारपणाचे वाटू शकते. म्हणूनच जागा आणि वेळ यांचा आग्रह धरायचा. हल्ले बहुतेक दाट झुडपात, वाकून काम करणाऱ्या माणसावर होतात, आणि पहाटे-सांजेला वाघाचा वावर जास्त असतो. तलावाची पाळ उंच आणि मोकळी असते. तिच्या एका बाजूला पाणी असते, दुसऱ्या बाजूला शेत. धान उभा असताना त्यातही जनावर लपते, म्हणून वाट उघडायची ती धान कापून पुंजणी लागल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर चंद्रपूरचे ऊनच फिरू देत नाही. सकाळी नऊनंतर निघायचे, गटाने निघायचे, सोबत गावचा वाटाड्या असायचा. गावोगावी वनविभागाची प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. त्यांनी आदल्या दिवशी ठसे पाहून सांगावे, आणि वाघाचा वावर दिसला तर त्या आठवड्यात वाट बंद ठेवावी. वरच्या अंगाचे रान या वाटेत घ्यायचेच नाही. एवढे पाळूनही जिथे धोका उरतो तिथे वाट काढू नये. तलाव हजारो आहेत, त्यांतले दहा सुरक्षित निघाले तरी सुरुवात होते.

दुसरा आक्षेप मला याहून जड वाटतो. पोटासाठी ज्यांना रोज रानात चालावे लागते त्यांच्या गावात चालण्याचा आनंद शिकवायला निघणे ही शहरी चैन नाही का? पण हौसेच्या वाटेला जे लागते तेच पोटासाठी चालणाऱ्यालाही लागते. पांदणीच्या कडेची बेशरम आणि घाणेरीची झुडपे काढली, पाळ चालण्याजोगी केली, वाघाच्या वावराची खबर रोज फलकावर लिहिली, तर त्याचा पहिला लाभ शेतात जाणाऱ्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला मिळेल. आज पांदणी अतिक्रमणात हरवत आहेत. गावनकाशावर असलेली वाट जमिनीवर सापडत नाही. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचा नकाशा करायला लावले, म्हणून तिथे आज शेतमालकाच्या कुंपणातूनही लोकांची वाट जाते. आपल्याकडे नकाशा आहे, त्यावरची वाट राखणारे पाय कमी पडत आहेत. शिवाय आनंदावर हक्क शहराचा आणि कष्टावर गावाचा, ही वाटणी कोणी ठरवली?

तिसरी भीती रास्त आहे. लोक आले की प्लास्टिक येते, डीजे येतो, पाळीवर दारूच्या बाटल्या पडतात. याचे उत्तर ठेकेदाराकडे नाही, ग्रामसभेकडे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा-लेखा हे गाव याच गडचिरोलीतले. सुमारे अठराशे हेक्टर जंगल एक गाव सांभाळू शकते, तर दोन किलोमीटरची पाळ सांभाळणे अशक्य नाही. किती माणसे सोडायची, वाटाड्याला किती द्यायचे, विणीच्या काळात कोणता काठ बंद ठेवायचा, हे गावाने ठरवावे. रिसॉर्ट, सिमेंटचे पेव्हर, रंगीत दिवे यातले काहीही लागत नाही. लागतात चार लाकडी पाट्या, आणि त्यांवर झाडापाखरांची झाडीबोलीतली नावे. जो पैसा येईल तो तलावाचा गाळ काढायला वापरला, तर मालगुजारांची जमीनदारी गेल्यावर सुटलेली देखभालही थोडीफार पुन्हा सुरू होईल.

सुरुवात सावलीतून व्हावी; त्या गावाला अशा कामाचे वावडे नसावे. 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावी भरले होते आणि खादीच्या निमित्ताने गावाने स्वतःचे काम स्वतः उभे करून दाखवले होते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा गावोगावी होतातच. आसोला मेंढ्याच्या काठच्या आणि तालुक्यातल्या तलाव असलेल्या प्रत्येक गावाने यंदा त्या सभेत एक विषय जास्तीचा घ्यावा: आपल्या तलावाची पाळ कुठून कुठपर्यंत चालण्याजोगी आहे ते पाहायला वनरक्षक, ढिवर, शिक्षक आणि दोन महिला यांची समिती नेमावी. धान कापून होईपर्यंत तिच्या हातात दोन महिने असतील.