पुंगळीचा हिशेब

गेल्या वर्षी तमिळ कार्तिगै महिन्यातील अमावास्येला तिरुविसनल्लूरला जाण्याचा योग आला. तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ वसलेले हे गाव. तंजावरचे राजे शहाजी भोसले यांनी १६९३ साली ते चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, म्हणून त्याचे दुसरे नाव शहाजिराजपुरम्. येथील श्रीधर अय्यावाळ यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी ब्राह्मणांच्या आधी एका भुकेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला वाढले. नियमभंगाबद्दल त्यांना गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगण्यात आले; तेव्हा गंगाच त्यांच्या घरच्या विहिरीत अवतरली, अशी श्रद्धा आहे. या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी पहाटेपासून लोकांची रीघ लागते.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते वृद्ध गृहस्थ तंजावरी मराठी कुटुंबातले. त्यांचा पुतण्या टेक्सासहून आला होता. मी नोकरीत असताना शस्त्रपरवान्यांचे काम पाहिले आहे, हे कळल्यावर दुपारी ओसरीवर तो माझ्याशेजारी येऊन बसला. तिकडे तो पिस्तुलाच्या नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेतो आणि सरावाची काडतुसे घरीच भरतो. त्याने मोबाइलवर छायाचित्रे दाखवली. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी स्वच्छ करायची, हातदट्ट्याच्या यंत्राने तिला मूळ आकारात आणायचे, बुडाशी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडावर गोळी दाबून बसवायची. गोळी शिशाची, पण तिच्यावर विद्युतप्रक्रियेने तांब्याचा पातळ मुलामा चढवलेला असतो. त्यामुळे पिस्तुलाच्या नळीत शिसे साचत नाही आणि हाताळणाऱ्याच्या बोटांना ते लागत नाही. कारखान्यातल्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे वेगळे, जाड कवच असते; मुलाम्याला तेवढा जोर सोसत नाही. कवचाच्या गोळीइतकी दारू भरली किंवा पुंगळीचे तोंड जास्त आवळले, तर मुलामा फाटतो आणि नेम बिघडतो. हे सगळे तो एखाद्या सुताराने रंध्याविषयी बोलावे तशा आपुलकीने सांगत होता.

मग त्याने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "काका, कोईंबतूरला माझा एक मित्र नेमबाजी करतो. सरावाची काडतुसे त्याला परवडत नाहीत. पुढच्या खेपेला त्याच्यासाठी एक यंत्र आणि हजारभर गोळ्या आणल्या तर चालेल ना? त्यात दारूचा कणही नाही."

मी म्हणालो, "मुळीच आणू नका."

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरली तरच लागतो. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्री हे दोन्ही 'दारूगोळा' या शब्दातच येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते रिकामे यंत्रदेखील दारूगोळाच. बंदूक बाळगण्याच्या साध्या परवान्यात काडतुसे बनवण्याची मुभा नसते. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

"तिकडे जो छंद आहे, तो इथे जन्मठेपेचा गुन्हा कसा?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

माझ्या मते या बंदीमागे प्रशासकीय तर्क आहे आणि तो टाकाऊ नाही. बंदूक पन्नास वर्षे टिकते. काडतूस एकदाच उडते. म्हणून शस्त्रावरील नियंत्रण प्रत्यक्षात चालते ते काडतुसाच्या मोजणीतून. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतो. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. तिथून निघालेल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. विक्रेत्याच्या वहीत त्याची नोंद होते, परवान्यावर किती घेतली ते चढते. पोलिसांच्या चांदमारीनंतरही पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागतात. तीच पुंगळी घरी पुन्हा भरता आली, तर बुडावर खडकीचे नाव राहील, पण आतली दारू आणि पुढची गोळी कुठली, ती कितव्यांदा उडाली, हे कोणतीही वही सांगू शकणार नाही. आपल्याकडे गुन्ह्यात सापडणारी गावठी कट्टी पाहिली, तर ही भीती अनाठायी नाही.

इथवर मी त्याला ठामपणे सांगू शकलो. पुढचे जे सांगितले नाही, ते इथे लिहितो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात मी जिल्हा दंडाधिकारी होतो. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बाळगल्याचा खटला भरण्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. एकाच वर्षात माझ्यासमोर दोन प्रकरणे आली.

पहिले एका निवृत्त अभियंत्याचे. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. घरात असेच एक हातयंत्र, काही पुंगळ्या आणि मुलामा दिलेल्या गोळ्यांची एक पेटी सापडली. परदेशातल्या मुलाने भेट म्हणून आणलेली. दारू नव्हती, टोप्या नव्हत्या. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसून शांतपणे, उत्तम इंग्रजीत बोलले. कलम ४५ मध्ये दारूगोळ्याच्या किरकोळ भागांना सूट आहे, जर ते पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर. यंत्राला किरकोळ भाग म्हणावे का, याविषयी शंका घेण्यास जागा होती. मी ती शंका त्यांच्या बाजूने सोडवली, वस्तू जप्त ठेवल्या आणि खटल्यास मंजुरी नाकारली. कारणे तीन पाने भरून लिहिली.

दुसरे प्रकरण डोंगरातल्या एका शेतकऱ्याचे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, वडिलांपासून चालत आलेला परवानाही होता. नूतनीकरण राहून गेले होते, कारण तालुक्याचे ठिकाण दोन बस बदलून गाठावे लागे. झडतीत बंदूक, थोडी काळी दारू आणि शिशाचे छर्रे मिळाले. कोकणातल्या वाचकांना ही बंदूक ठाऊक असेल. तिचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. तिथे कोणी 'निर्मिती' म्हणत नाही. तो माझ्या खुर्चीसमोर आलाच नाही, फक्त कागद आले. छापील नमुन्यातल्या चार ओळींच्या आदेशावर मी सही केली. खटला काही वर्षे चालला. तारखांना जाण्यायेण्यात त्याचे दिवस गेले आणि शेवटी शेत त्याने वाट्याने दिले, असे मला नंतर कळले.

दोन्ही आदेश कायद्यात बसणारे होते. कोणत्याही तपासणीत माझ्यावर ठपका आला नसता. पण धोका कोणाकडून अधिक होता, हे मी तपासले होते का? तपासले असते, तर तीन पाने दोघांसाठीही लिहिली असती. अय्यावाळांनी नियम वाकवला तो दाराबाहेर उभ्या असलेल्यासाठी. मी वाकवला तो आत येऊन बसलेल्यासाठी.

यावर उपाय अधिकाऱ्याच्या मनाच्या मोठेपणात शोधू नये. तो नियमांतच हवा. माझ्या तीन सूचना अशा :

१. घरगुती काडतूसभरणीवरची बंदी कायम असावी. मात्र मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थांना आपल्या मैदानावर, संस्थेच्या परवान्याखाली ती करण्याची स्पष्ट सोय असावी. हिशेब टोप्यांचा ठेवावा. पुंगळी पुन्हा वापरता येते, गोळी ओतता येते, पण टोपी एकदाच फुटते आणि ती घरी बनवणे दुष्कर आहे. आल्या किती, फुटल्या किती, उरल्या किती, हे एका वहीत मावेल.

२. पीकसंरक्षणाच्या परवान्यांचे नूतनीकरण वर्षातून एकदा गावोगावी शिबिर घेऊन करावे. मुदत उलटलेला परवाना आणि मुळात नसलेला परवाना यांत खटल्यापूर्वी फरक करावा.

३. कलम ३९ खालील मंजुरी देतानाही, नाकारताना लिहितो तशी कारणे लिहावीत. छापील नमुना बंद करावा.

परदेशस्थ वाचकांना एक विनंती. भारतात येताना यंत्र, गोळ्या, पुंगळ्या, यांतले काहीही भेट म्हणून आणू नका, आणि मैदानावर नेलेली पिशवी प्रवासाला वापरू नका. कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर गुन्हे नोंदले गेले आहेत. बाळगणे जाणीवपूर्वक असावे लागते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात मांडले. पण ते तत्त्व न्यायालयात उपयोगी पडते, विमान सुटण्याच्या वेळी नाही.

आणि आज या पदांवर असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना : आपण दिलेल्या शेवटच्या दहा मंजुऱ्या आणि दहा नकार एकदा टेबलावर शेजारी ठेवून वाचा. मी ते निवृत्तीनंतर केले, तेव्हा दुरुस्त करण्यासारखे हातात काही उरले नव्हते.