डॉक्टर म्हणाले झाडांत फिरा. कसब्यातल्या माणसानं जायचं कुठे?

झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते म्हटलं की गोळ्यांसोबत ‘जरा मोकळ्या हवेत फिरा’ हा सल्ला ठरलेलाच. घासून गुळगुळीत झालेला असला तरी त्याच्यामागे अभ्यास आहे.

१९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. पेशंट मात्र ४६ च होते.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांचा अभ्यास आला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगत होते. एकदम दोन तास असोत की तुकड्यांत, फरक पडत नव्हता. अर्थात, मुळात तब्येत बरी असलेलेच जास्त फिरत असतील, ही शक्यता उरतेच. आणि घरची बाग त्यात धरलेली नव्हती. म्हणजे गॅलरीतल्या कुंडीवर भागणार नाही!

आता कसबा पेठ घ्या. पुण्याची ही सगळ्यात जुनी वस्ती. अरुंद आळ्या, चिकटून उभी घरं. वाड्यांना निदान मधला चौक असायचा. वाडा पाडून बिल्डिंग झाली की तिथे पार्किंग येतं. शनिवारवाड्याच्या आतली हिरवळ तिकीट काढून. मुठा जवळच, पण सांडपाण्यामुळे तिथे नाक धरूनच उभं राहावं लागतं. उरतात पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस किंवा गुडघे दुखणाऱ्या आजी तिथे आठवड्यातून कितीदा पोचणार?

म्हणून टेकड्यांचा वाद कोथरूड-एरंडवण्यापुरता नाही. बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याविरोधात २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. बोललं गेलं ते मुख्यतः ट्रॅफिक, भूजल आणि पक्ष्यांबद्दल. लोकांच्या मनःस्वास्थ्याचा हिशेब त्या मानाने कमीच मांडला गेला. ब्रिटनमध्ये काही भागांत डॉक्टरांकडून पेशंटला चालण्याच्या किंवा बागकामाच्या गटाकडे पाठवतात. त्यासाठी सरकारने पैसे दिले. आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो, जागा मात्र ज्याची त्याने शोधायची.

एक सांगायलाच हवं: डिप्रेशनची औषधं चालू असतील, तर फिरून बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करू नका. बोलायचं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.