पाहणे हीसुद्धा सेवा

समजा, तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेला आहात. समोर वाळूत करड्या रंगाचा एक मोठा प्राणी पडला आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत. तो हलत नाही. कोणी म्हणतो, "बिचारा मेला असेल." कोणी म्हणतो, "चला, त्याला पाण्यात ढकलू या." तुम्ही काय कराल?

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर असे प्रसंग नेहमी येतात. हवाई हे अमेरिकेचे एक राज्य आहे. तेथे मंक सील नावाचा प्राणी राहतो. मंक म्हणजे मठात राहणारा साधू. या सीलच्या मानेवरील कातडीच्या वळ्या साधूच्या टोपीसारख्या दिसतात, म्हणून त्याला हे नाव पडले. तो सुमारे दोन मीटर लांब असतो. समुद्राच्या तळाशी तो मासे आणि शेवंडी शोधतो आणि थकला की किनाऱ्यावर येऊन झोपतो. तो मेलेला नसतो. बहुतेक वेळा आजारीही नसतो. त्याला फक्त झोप हवी असते.

तेथे काही माणसे त्याची ही झोप राखतात. त्यांत शिक्षक असतात, गृहिणी असतात, नोकरीतून निवृत्त झालेले लोकही असतात. या कामाचा त्यांना पगार मिळत नाही. सील किनाऱ्यावर आला की ते दूर अंतरावर दोरी बांधतात, पाटी लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगतात. मग वही काढून लिहितात : कोणता सील, कोठे, किती वाजता आला, केव्हा गेला.

'कोणता सील' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एकच सील आज एका किनाऱ्यावर आणि उद्या दुसऱ्या किनाऱ्यावर दिसला, तर ओळख नसणारा माणूस दोन सील मोजेल. म्हणून शास्त्रज्ञ सीलच्या वल्ह्यासारख्या मागच्या पायांना क्रमांकाचे बिल्ले लावतात. काहींच्या केसांवर रंग उडवणाऱ्या द्रवाने अक्षरे व आकडे काढतात. पण वर्षातून एकदा सीलची जुनी कातडी केसांसह गळते आणि ती अक्षरे नाहीशी होतात. बिल्लाही कधी तुटतो. मग जुन्या जखमांचे वण आणि जन्मापासूनचे पांढरे डाग उपयोगी पडतात. आपल्या वर्गातील मुलगा जसा पाठमोरा असला तरी ओळखू येतो, तसे हे स्वयंसेवक सीलला ओळखतात.

काही जण विचारतील, "नुसते पाहत बसण्यात कसली सेवा?" माझे मत निराळे आहे. काल धडधाकट असलेल्या सीलच्या तोंडात आज मासेमारीचा गळ अडकला, तर ते आधी कोणाला कळेल? जो त्याला रोज पाहतो त्याला! तो खबर देतो आणि जाणकार माणसे येऊन गळ काढतात. मांजरांच्या विष्ठेतील रोगजंतू पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातात आणि त्यामुळेही सील मरतात. नुसत्या नोंदींनी हा रोग थांबत नाही, हे खरे. पण कोणता सील केव्हापासून दिसत नाही, हेच माहीत नसेल, तर कारण शोधायचे कसे?

२०१७ साली होनोलुलू शहरातील वाइकीकी या गजबजलेल्या भागात 'रॉकी' नावाच्या मादीने किनाऱ्यावर पिल्लाला जन्म दिला. तिचा क्रमांक आर एच ५८ असा होता. आसपास पोहणाऱ्यांची गर्दी होती. पिल्लू आईचे दूध पीत होते, तोपर्यंत कित्येक आठवडे स्वयंसेवकांनी तेथे पहारा केला. पिल्लाला हात लावावा असे त्यांनाही वाटले असेल. पण माणसाची सवय लागलेला सील पुढे माणसांजवळ जातो आणि संकटात सापडतो. त्यामुळे ते दूरच राहिले. हे मला फार मोठे वाटते. प्रेम करणे सोपे आहे. प्रेमापोटी दूर राहणे कठीण आहे.

मंक सीलची एक जात कॅरिबियन समुद्रात होती. १९५२ नंतर ती कोणालाही दिसली नाही. २००८ साली ती नामशेष झाल्याचे जाहीर झाले. हवाईच्या सीलची संख्या मात्र २०२१ मध्ये दीड हजारांच्या वर गेली. वीस वर्षांहून अधिक काळानंतर हा आनंदाचा क्षण आला. त्यामागे शास्त्रज्ञांची मेहनत आहे, तशा या साध्या माणसांच्या वह्याही आहेत.

आपल्या किनाऱ्यावर मंक सील येत नाहीत. पण असे काम आपल्याकडेही होते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ सालापासून समुद्री कासवांची अंडी राखली जातात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री पळवत. आता गावकरी पहाटे वाळूवरील कासवाच्या खुणा शोधतात, अंडी सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले समुद्राकडे सोडतात.

तुमच्या गावात समुद्र नसेल. पण घराच्या वळचणीला चिमणी असेल, तळ्यावर बगळा येत असेल. एक वही घ्या. तारीख, वेळ आणि जे दिसले ते लिहा. जे दिसले नाही, ते लिहू नका. जवळ जाऊ नका, हात लावू नका. महिनाभराने ती वही उघडा. ज्याला तुम्ही नुसता 'एक पक्षी' म्हणत होता, तो तुमच्या ओळखीचा झालेला असेल. आणि ओळखीच्या जिवाला कोणी दगड मारू लागला, तर तुम्ही गप्प बसणार नाही.