ताप उतरल्यानंतरची ड्युटी

पाऊस ओसरू लागला की आपले वॉर्ड डेंग्यूने भरतात. दोन खाटांमध्ये तिसरी लागते आणि प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न ऐकू येतो: "सिस्टर, प्लेटलेट किती?" नातेवाइकांनी विचारले तर समजू शकते. पण राऊंडला पहिला प्रश्न तोच आणि ड्युटी बदलताना पहिले वाक्यही तेच. पपईच्या पानांचा रस आणि किवी यांचा हंगामी बाजारही या एका आकड्यावर चालतो. खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सला पुढच्या दोन तासांत काय करायचे हे मात्र तो आकडा क्वचितच सांगतो. प्रौढ रुग्णांत प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून खाली गेल्या, तरी रक्तस्राव नसताना केवळ खबरदारी म्हणून पिशवी चढवून रक्तस्राव टळत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या २०१७च्या अभ्यासात दिसले. तरी रात्री धावपळ होते ती पिशवीसाठीच.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपल्याने. हे झिरपणे सुरू होते साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास, आणि चालते २४ ते ४८ तास. म्हणजे आई "आज बरं वाटतंय हो, घरी कधी सोडणार?" असे विचारते, चार्टवर तापाची रेघ खाली येते आणि आपणही चार तासांचे निरीक्षण सहा तासांवर नेतो, नेमके तेव्हाच.

समजा, सात वर्षांची मुलगी आहे. बारा वाजता बीपी १००/६४, दोन वाजता १००/७२, चार वाजता १००/८०. तीन नोंदी, तिन्हींत वरचा आकडा शंभर. राऊंडला कोणीही "बीपी नॉर्मल" म्हणून पुढे जाईल. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा: ३६, २८, २०. पल्स प्रेशर २० वर आले म्हणजे मूल शॉकमध्ये आहे. लहान मुलाचे शरीर रक्तवाहिन्या आवळून सिस्टोलिक शेवटपर्यंत धरून ठेवते. ते पडले की हाताशी फार वेळ उरत नाही. ही मुलगी तोवर शुद्धीवर असते, बोलते, मोबाइलवर कार्टूनही बघते, म्हणून फसायला होते. पायाचे तळवे हाताने चाचपून बघा, गार लागतील. नख दाबून सोडले तर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतील. आईला विचारा, शेवटची लघवी कधी झाली. "सकाळी झाली होती" हे उत्तर दुपारी चार वाजता मिळाले तर ते चार्टवर लिहा, नुसते ऐकून सोडू नका. आणि हो, मोठ्यांचा कफ लहान दंडाला बांधला तर बीपी खोटे कमी येते. बालरोग वॉर्डाबाहेर योग्य मापाचा कफ शोधायला किती कपाटे उघडावी लागतात, हे वाचकांना सांगायला नको.

मोठ्यांत तोच आजार वेगळी सोंगे घेतो. पंचावन्न वर्षांच्या, एरवी दीडशे बीपी असणाऱ्या गृहस्थांचे ११० हे "छान" नसते. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी वाढायला हवी तशी वाढत नाही. रुग्ण अस्वस्थ, नाडी जलद आणि हिमॅटोक्रिट मात्र खाली येते आहे, तेव्हा "रक्त पातळ झालं, म्हणजे सलाईन लागू पडलं" असा अर्थ काढण्याआधी शौचाचा रंग विचारा, बाईंना पाळीबद्दल विचारा. आत कुठे रक्तस्राव होत असू शकतो. आणखी एक धोका मुलांना आणि मोठ्यांना सारखाच आहे. झिरपलेले पाणी एकदोन दिवसांनी रक्तात परत येऊ लागते. तेव्हाही सलाईन त्याच गतीने चालू राहिले तर ते फुप्फुसात साठते. याची पहिली खूण म्हणजे वाढलेला श्वास, आणि श्वास ही आपल्या चार्टवरची सर्वांत अंदाजपंचे भरली जाणारी नोंद. ओळीने सगळ्यांना २० लिहिलेले चार्ट कोणी पाहिले नाहीत? घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचे, एवढेच काम आहे.

क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे टप्पे मांडले: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मग त्यावर विचार करणे. रुग्ण आधी कसा होता हे ठाऊक असण्याला त्यांनी मोठे वजन दिले. आपल्याकडे पहिल्या दोन टप्प्यांवर अनुभवी सिस्टर क्वचितच अडतात. अडते ते तिसऱ्यावर. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" असा फोन रात्री तीनला केला की "बघू सकाळी" हे उत्तर येते आणि पुढच्या वेळी फोन करायला हात धजावत नाही. त्याऐवजी असे सांगून पाहा: "पाचवा दिवस, ताप उतरून सहा तास झाले. बारा वाजता १००/६४ होतं, आता १००/८०. हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही, हिमॅटोक्रिट ३६ वरून ४४. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." याला "सकाळी" म्हणणे कोणत्याही रेसिडेंटला जड जाते.

तरीही म्हणणारे असतात. म्हणून मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडे आमची मागणी आहे की, ठरलेल्या वेळेत डॉक्टर आले नाहीत तर ड्युटीवरच्या नर्सने थेट वरिष्ठांना फोन करावा, हे लेखी परिपत्रकात असावे आणि ते नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लागलेले असावे. तोंडी आश्वासन चौकशीच्या दिवशी कोणाला आठवत नाही. चार्टवर पल्स प्रेशरचा रकाना हवा, त्यासाठी मात्र नव्या छपाईची वाट पाहण्याचे कारण नाही. बीपीच्या रकान्यात पट्टीने एक उभी रेघ ओढली की झाले.